शाळेचे बाक गावच्या सुतार-वेल्डरकडूनच घडवून घ्यावेत

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि नव्या सत्राच्या निमित्ताने गावोगावी शाळा, अंगणवाडी व वाचनालय यांच्यासाठी बाक आणि टेबले घेण्याचा विषय निघतो. हे सामान बहुधा लोखंडी सांगाडा आणि वर लाकडी किंवा लाकडासारखी दिसणारी फळी अशा बनावटीचे असते. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी (फिटर) या व्यवसायाचा शिल्प निदेशक, म्हणजे प्रशिक्षक, म्हणून नोकरी केली असून निवृत्तीनंतर चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात आमच्या गावी राहतो. लाकूड आणि लोखंड एकत्र येणारे हे सामान गावच्या सुताराने आणि वेल्डरने मिळून घडवावे आणि खरेदीच्या अटी त्यांना हे काम घेता येईल अशा लिहिल्या जाव्यात, एवढेच मला या पत्रातून सांगायचे आहे. त्यामागे रोजगाराचा विचार आहेच. परंतु मुख्य कारण आमच्या हवेचे आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगण्याची परवानगी असावी.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एका शाळेला बाहेरच्या पुरवठादाराकडून तयार बाक मिळाले. पुरवठादाराचे किंवा शाळेचे नाव घेण्याची आवश्यकता नाही, कारण असे बाक मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. त्यांचा पाइप इतका पातळ होता की मधल्या आडव्या दांडीवर पाय देऊन मूल उभे राहिले की ती वाकत असे. वरची फळी भुसा दाबून तयार केलेली होती. तिच्या कडांची पट्टी पहिल्याच पावसाळ्यात सुटली, आत ओल शिरून कडा पावाच्या तुकड्यासारख्या फुगल्या आणि त्यातील स्क्रू हाताने ओढले तरी निघू लागले. दोन वर्षांनी पालकांनी त्या फळ्या तारेने बांधल्या. तारेच्या टोकांनी मुलींच्या गणवेशाच्या बाह्या फाटत असत, हे मी स्वतः पाहिले आहे. सागवानाची फळी असती तर सुताराने ती रंधून पुन्हा बसवली असती. भुशाच्या फळीला रंधा लावता येत नाही आणि फुगलेली कड पुन्हा मूळ जाडीला येत नाही.

त्यानंतर गावच्या वाचनालयासाठी टेबल घेण्याची वेळ आली तेव्हा मी ते गावातच करवून घेण्याचा आग्रह धरला. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच असे ते टेबल आहे. वरची फळी एका पडक्या कवेलूच्या घरातून निघालेल्या सागवानी मयालींची (तुळयांची) आहे आणि सांगाडा चौकोनी पाइपचा आहे. सुताराचे घराणे बैलगाड्या करणारे. वेल्डिंगचे काम करणारा तरुण बसथांब्याजवळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि नांगर दुरुस्त करतो. दोघांची दुकाने एकमेकांपासून शंभर पावलांवर आहेत, तरी एका वस्तूवर दोघांनी मिळून काम करण्याची ही पहिलीच वेळ होती.

पहिल्या प्रयत्नात टेबल बिघडले, आणि ती चूक माझी होती. मी आयुष्यभर लोखंडाचे काम केलेला मनुष्य असल्यामुळे फळी चहूबाजूंनी अँगलच्या चौकटीत बसवून दर सहा इंचांवर स्क्रू आवळून घेतले. दिवस श्रावणाचे होते. सुतार त्या दिवशी बाहेरगावी गेलेला होता. परत आल्यावर त्याने टेबलाखाली वाकून पाहिले आणि तो म्हणाला, “सर, तुमी फळी चारही बाजूनं आवळून टाकली. आता तिले सरकाले जागा कुठं हाये?” मी ते मनावर घेतले नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी वाचनालयात मुले बसलेली असताना फळी मधोमध उभ्या रेषेत तडकली, आणि महिनाअखेरीस त्या फटीत पाच रुपयांचे नाणे उभे जात होते.

चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा अक्षरशः कोरडीठाक असते. दोन महिन्यांनी त्याच खोलीत इतका दमटपणा असतो की पुस्तकांची पाने चिकटतात. लाकूड ही ओल शोषून फुगते आणि सोडून आकसते. मात्र लाकडातील तंतूंच्या रेषेच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही, हलते ते रुंदीच्या दिशेने. सागवान हे या बाबतीत इतर लाकडांपेक्षा पुष्कळ स्थिर मानले जाते, तरीही दोन फूट रुंदीच्या सागवानी फळीत आमच्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा यांच्या दरम्यान पाच ते आठ मिलिमीटरांचा फरक पडू शकतो. लोखंडाला ओलीमुळे असे काहीच होत नाही. ते उष्णतेने वाढते, पण दोन फूट लांबीच्या पट्टीला तापमानातील तीस अंशांच्या फरकाने पाव मिलिमीटरही वाढ मिळत नाही. म्हणजे एकाच टेबलात एक भाग वर्षातून एकदा बोटाच्या अर्ध्या जाडीएवढा आत-बाहेर जातो आणि दुसरा जागचा हलत नाही. दोघांना घट्ट आवळले की उन्हाळ्यात फळी तडकते आणि पावसाळ्यात ती कमानीसारखी वर उचलली जाते.

हे ज्ञान आमच्या गावांत नवे नाही, याची मला त्या दिवशी प्रथमच नीट जाणीव झाली. बैलगाडीचे चाक हे लाकूड आणि लोखंड यांच्या जोडकामाचे आमच्याकडील सर्वांत जुने उदाहरण आहे. तुंबा (चाकाचा मधला ठोकळा), आरे आणि घेराचे तुकडे सुतार करीत असे. त्यावर लोखंडी धाव चढवण्याचे काम लोहाराचे. धाव ही चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान केलेली असे. गोवऱ्यांच्या रिंगणात ती लाल होईपर्यंत तापवीत, तीन-चार माणसे सांडशींनी उचलून ती चाकावर घालीत, घणाने ठोकून बसवीत आणि लगेच घागरींनी पाणी ओतीत. सव्वाचार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे चार मीटर भरतो. एवढ्या लांबीची धाव चारशे अंशांनी तापली की सुमारे दोन सेंटिमीटर वाढते, आणि थंड होताना तेवढीच आवळत जाऊन आरे तुंब्यात करकचून बसवते. लहानपणी मी हे काम अनेकदा पाहिले आहे. पाणी पडताच जळक्या लाकडाचा वास आणि वाफ यांत चाक दिसेनासे होई आणि आतून सांधे बसल्याचे कटकट आवाज ऐकू येत. उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव सैल पडू लागली की शेतकरी गाडीची चाके नाल्याच्या डोहात बुडवून ठेवीत. लाकडाचे फुगणे आणि लोखंडाचे आवळणे या दोन्ही गोष्टी त्या माणसांना मिलिमीटरचे माप न घेता ठाऊक होत्या. रबरी टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आला, धाव चढवण्याचे काम थांबले, आणि त्या कामामुळे एकत्र येणारे दोन कारागीर वेगळे झाले.

टेबल आम्ही दुसऱ्यांदा केले ते सुताराच्या सल्ल्याने. फळी चौकटीत कोंडण्याऐवजी सांगाड्यावर मोकळी ठेवली आणि तिच्या खालून चार आडव्या लोखंडी पट्ट्या दिल्या. प्रत्येक पट्टीच्या मधोमध एक गोल भोक आहे आणि दोन्ही बाजूंना लांबट भोके आहेत. लांबट भोक करण्याची रीत सोपी आहे: शेजारी शेजारी तीन भोके ड्रिलने पाडायची आणि मधला भाग कानशीने काढून टाकायचा. मधला स्क्रू पक्का आवळला, कडेचे स्क्रू मोठे वायसर घालून बेताने आवळले. त्यामुळे फळी मध्यावर घट्ट राहते आणि दोन्ही अंगांनी मोकळेपणी सरकते. भोकांची मापे मी घेतली, पण ती कोणत्या दिशेला लांबट हवीत आणि फळीच्या रेषा कोणीकडे जातात हे सुताराने ठरवले. वेल्डरने आधी सांगाड्याच्या कोपऱ्यांना फक्त टाके दिले, सुतळीने दोन्ही कर्ण मोजून ते सारखे असल्याची खात्री केली आणि मगच एकाआड एक कोपरे पूर्ण जोडले, कारण एका बाजूने सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने चौकट ओढली जाऊन टेबलाचा एक पाय अधांतरी राहतो. लाकूड जवळ असताना वेल्डिंग करायचे नाही, हा नियम त्याने स्वतःहून पाळला. ठिणगीचा डाग रंध्याने निघतो, पण भुशात पडलेली ठिणगी तासाभराने आग लावते.

लोखंड लाकडाला जिथे टेकते तिथे आणखी एक अडचण येते. बाभळीच्या लाकडात आणि सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, सागवानात कमी असले तरी असते; ओल मिळाली की त्याचा लोखंडाशी संयोग होऊन काळा डाग पडतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) एकत्र करून शाई करीत, ती याच गुणामुळे. बाभळीच्या ओल्या फळीवर कानशीचा कीस पडला तर दुसऱ्या दिवशी शाई सांडल्यासारखे ठिपके दिसतात. म्हणून आम्ही पट्ट्यांना रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात दिले, ते पूर्ण वाळू दिले आणि लाकडात जाणारे स्क्रू पितळी घेतले. पायांच्या पाइपची तोंडे खालून पत्र्याची चकती जोडून बंद केली. फरशी धुतल्यावर उघड्या तोंडातून पाणी आत चढते आणि पाइप आतून कुजतो; बाहेरून रंग चांगला दिसत असताना पाय एके दिवशी मुडपतो, याचे कारण हेच असते. पाइप १६ गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा घेतला. वर उल्लेखिलेल्या शाळेतील बाकांचा पाइप जेमतेम त्याच्या निम्म्या जाडीचा असावा.

लाकडाला पॉलिश न करता जवसाचे उकळलेले तेल तीन वेळा चोळले. जवस आमच्या विदर्भाचेच पीक आहे आणि त्याच्या तेलाचा थर ओरखडा पडला तरी पुन्हा तेल चोळून सारखा करता येतो. त्यासाठी कारागीर बोलवावा लागत नाही, वाचनालयातील मुले ते काम करतात. येथे एक सूचना आवर्जून करतो. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना स्वतःच गरम होते आणि मे महिन्याच्या उन्हात असा बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

जुन्या घराचे लाकूड वापरण्यात दुहेरी फायदा झाला. ते साठ-सत्तर वर्षे छपराखाली राहिल्यामुळे पूर्ण वाळलेले होते. नवीन फळी सावलीत रचून वाळवायची तर जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक वर्ष धरावे असा जुना ठोकताळा आहे, आणि ते थांबणे आज कोणालाच परवडत नाही. मात्र जुन्या मयालीत मोडलेले खिळे असतात, ते लोहचुंबक फिरवून आधी शोधून काढावे लागतात, नाहीतर रंध्याचे पाते एका फटक्यात दातेरी होते.

परंतु जुनी घरे किती दिवस पुरणार? सागवानाच्या देशात राहून आमच्या सुताराला सागवान मिळत नाही, ही वस्तुस्थिती आहे. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या संसद भवनाच्या इमारतीसाठी सागवान नागपूरहून गेले आणि त्याच वर्षी अयोध्येच्या राममंदिरासाठी ते चंद्रपूर जिल्ह्यातून गेले, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. बल्लारशाह आणि आलापल्ली ही नावे लाकडाच्या व्यापारात देशभर ठाऊक आहेत. मात्र आगारांतील लाकूड लिलावात लॉटने विकले जाते, आणि ज्याला एका वेळी चार-सहा घनफूट लाकूड लागते तो सुतार त्या लिलावात उभाच राहू शकत नाही. स्वतःच्या धुऱ्यावरचे (शेताच्या बांधावरचे) सागाचे झाड तोडायचे तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते. त्या कायद्याविषयी माझी तक्रार नाही, तो आवश्यकच आहे. माझी विनंती वन विभागाला आणि नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वन विकास महामंडळाला अशी आहे की विरळणीतून, म्हणजे दाट लागवडीतील काही झाडे काढून टाकताना, निघणारे बारीक सागवान तालुक्याच्या ठिकाणी छोट्या मापात, ठरलेल्या दराने, नोंदणीकृत कारागिरांना मिळावे.

विरळणीच्या लाकडाचा मुद्दा मी मुद्दाम मांडतो. त्या बारीक बुंध्यांतून रुंद फळ्या किंवा जाड पाय निघत नाहीत आणि कडेचा पांढरा भाग कीड लागत असल्यामुळे काढून टाकावा लागतो; हाती येतात त्या दोन-अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या. संपूर्ण लाकडी बाकासाठी त्या निरुपयोगी आहेत. लोखंडी सांगाड्यावर मात्र त्याच पट्ट्या उत्तम चालतात, कारण वजन सांगाडा पेलतो. पट्ट्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरांची फट सोडली की फुगण्या-आकसण्याचा प्रश्नही सुटतो, कारण प्रत्येक अरुंद पट्टी स्वतंत्रपणे नगण्य हलते. बसण्याच्या बाकाला हीच रचना योग्य आहे. लिहिण्याच्या टेबलाला फट चालत नाही, तिथे सलग फळी आणि लांबट भोके हवीत. हा फरक ज्याला कळतो त्याच्याकडून बाक घ्यावा.

प्रशिक्षणाचीही एक बाब आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतार व लोहार या दोघांचाही समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळण्याची सोय आहे. आमच्या सुताराने त्यातून विजेचा रंधा घेतला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही सुतारकाम, जोडारी आणि संधाता (वेल्डर) हे वेगळे व्यवसाय आहेत आणि वर्गखोल्याही वेगळ्या. मी स्वतः नोकरीच्या सर्व वर्षांत सुतारकामाच्या विभागात चहा घेण्यापलीकडे गेलो नाही, आणि त्याची किंमत मी वाचनालयाच्या पहिल्या फळीत मोजली. दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून निदान एक वस्तू एकत्र करावी, एवढा बदल कोणत्याही प्राचार्यांना आपल्या पातळीवर करता येईल. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या परिषदेत हस्तव्यवसायाभोवती शिक्षण उभारण्याचा विचार मांडला गेला आणि पुढच्याच वर्षी तेथे ग्रामोद्योगांसाठी मगन संग्रहालय उघडले. तो वारसा आमच्या दारात आहे. शाळेचा बाक शाळेच्या आवारात घडत असेल तर मुलांना लाकडाची रेषा आणि लोखंडाचा सांधा पुस्तकाशिवाय कळेल.

खर्चाविषयीही स्पष्ट लिहितो. आमच्या टेबलाला त्याच मापाच्या तयार टेबलापेक्षा जवळपास दीडपट पैसे लागले. खरेदी करणाऱ्या समित्या सर्वांत कमी दर पाहतात आणि कागदावर आमचे टेबल त्या स्पर्धेत हरते. म्हणून शाळा व्यवस्थापन समित्या, ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदेचे पदाधिकारी यांना माझी विनंती आहे की दर मागवताना मापासोबत पाइपची किमान जाडी लिहावी, भुसा दाबून केलेली फळी चालणार नाही असे लिहावे, फळी लांबट भोकांतून बसवलेली असावी आणि प्रत्येक भाग साध्या पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने सुटा करून बदलता यावा अशी अट घालावी. शंभर बाकांचे एकच काम काढण्याऐवजी दहा-दहा बाकांची कामे काढावीत, म्हणजे दोन कारागिरांना मिळून ते घेता येईल. अशा अटी घातल्यावर शहरातील पुरवठादाराला स्पर्धेत उतरण्यास कोणीही अडवलेले नाही. फक्त मग त्यालाही आमच्या मे महिन्याचा विचार करावा लागेल.

ज्यांना हे काम पाहायचे असेल त्यांचे आमच्या वाचनालयात स्वागत आहे. टेबलाचा आराखडा मी कागदावर काढून तेथे लावलेला आहे, तो कोणीही उतरवून घ्यावा. मात्र टेबल वरून पाहून परत जाऊ नये, खाली वाकून पट्ट्यांतील भोके पाहावीत. यंदा मे अखेरीस कडेचे स्क्रू लांबट भोकांच्या आतल्या टोकाला टेकलेले होते. श्रावणात ते बाहेरच्या टोकाकडे सरकलेले दिसतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक
ता. मूल, जि. चंद्रपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)